‘फॉर लूप’मधली अट बाहेर कशी आली

नागपुरात बर्डी-धरमपेठेतल्या, जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवणाऱ्या क्लासमध्ये असो की परसोडीच्या आयटी पार्कमधल्या मुलाखतीत, फ्रेशर पोरांच्या वाट्याला एक प्रश्न येतोच: ऑब्जेक्टच्या, म्हणजे एकेका वस्तूच्या माहितीच्या गाठोड्यांच्या, यादीतून अमुक गुणधर्म असलेला ऑब्जेक्ट काढून दाखवा. समजा, कळमना बाजारात उतरलेल्या संत्र्याच्या प्रत्येक खेपेचा एक ऑब्जेक्ट केला. त्यात गाव, बहार, वजन. आता काटोलची, मृग बहाराची पहिली खेप हवी. आजची पोरं फिल्टर, फाइंडफर्स्ट या तयार आज्ञा लिहून मोकळी होतात. जावात हे लिहिता यायला २०१४ उजाडावं लागलं.

सुरुवात नॉर्वेतली. ओस्लोच्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान दाल आणि क्रिस्टेन निगार्ड यांनी सिम्युला ६७ ही भाषा घडवली. क्लास (ऑब्जेक्टचा साचा) आणि ऑब्जेक्ट तिथलेच. साखळीवजा याद्यांसाठी सिमसेट नावाचा तयार क्लासही सोबत होता. पण शोध म्हणाल तर पहिला घटक घ्या, तपासा, पुढच्यावर जा, यादी संपेपर्यंत. या फेऱ्या म्हणजे लूप (‘फॉर लूप’ हा त्याचाच एक प्रकार), आणि अट लूपच्या पोटातच.

ती बाहेर काढली स्मॉलटॉक या भाषेने. झेरॉक्स कंपनीच्या ‘पार्क’ (PARC) या संशोधन केंद्रात अ‍ॅलन के, डॅन इंगल्स, अ‍ॅडेल गोल्डबर्ग आदींच्या गटाने घडवलेल्या स्मॉलटॉक-८० मध्ये ‘ब्लॉक’, म्हणजे कोडचा तुकडा, हाही ऑब्जेक्टच होता. त्यामुळे यादीलाच सांगता यायचं: ही घे अट, जुळेल तो पहिला दे. त्यासाठी ‘डिटेक्ट’, सगळे हवे असतील तर ‘सिलेक्ट’. काहीच सापडलं नाही तर काय करायचं, तेही ‘इफनन’ लावून तिथेच सांगायची सोय. रुबी या भाषेने पुढे ही नावं जशीच्या तशी उचलली.

मग ही सोय जावात का नव्हती? कारण १९९६ च्या पहिल्या जावात कोडचा तुकडा दुसऱ्याच्या हाती सोपवायची सुटसुटीत रीतच नव्हती. व्हेक्टर या यादीत जागा शोधणाऱ्या इंडेक्सऑफला अट देता येत नसे, आख्खा ऑब्जेक्ट द्यावा लागे. मग लोकांनी जुगाड केला: फक्त गाव भरलेली खोटी खेप तयार करायची आणि दोन ऑब्जेक्ट सारखे का ते ठरवणाऱ्या इक्वल्समध्ये फक्त गावच तपासायचं. शोध लागायचा, पण त्या क्लासपुरत्या काटोलच्या सगळ्या खेपा एकच ठरायच्या! पुढे त्या सेटमध्ये (एकसारखे घटक एकदाच ठेवणाऱ्या संग्रहात) टाकल्या, आणि हॅशकोडही (साठवायची जागा ठरवणारा आकडा) गावावरूनच काढला असला, की एक उरायची, बाकीच्या गायब. असा बग शोधणं म्हणजे डोक्याला ताप. १९९८ च्या जावा १.२ मध्ये नवी कलेक्शन्स (याद्या-संचांचे तयार प्रकार) आली, तरी अट देऊन शोधणारं फाइंड आलं नाही. जागच्या जागी बिननावाचा (अनामिक) क्लास लिहून अट पाठवता येत होती. पण एका तुलनेसाठी चार-पाच ओळींचा पसारा कोण मांडणार? त्यापेक्षा फॉर लूप बरा, असंच बहुतेकांना वाटे, आणि ते चूकही नव्हतं.

सी प्लस प्लसची कथा थोडी वेगळी. अलेक्झांडर स्टेपानोव्ह आणि मेंग ली यांची एसटीएल, म्हणजे तयार याद्या आणि शोधांचा संच, १९९४ मध्ये त्या भाषेच्या मानक समितीने स्वीकारली. त्यात फाइंड-इफ होतं. अट मात्र दूर कुठेतरी वेगळी लिहावी लागे. अट जागीच लिहू देणारे लॅम्डा आले २०११ ला. मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये सी शार्प या भाषेत लिंक (LINQ) आणलं, तेव्हा डेटाबेसच्या धर्तीची ‘व्हेअर’, ‘सिलेक्ट’ ही भाषा थेट मेमरीतल्या यादीवर चालू लागली. जावा ८ चे स्ट्रीम, ज्यांवर फिल्टर, फाइंडफर्स्ट चालतात, ते त्यानंतर सात वर्षांनी आले. सोबत ‘ऑप्शनल’ही आला, म्हणजे रिकाम्या हाताने परतलेल्या शोधाचा नल (‘काहीच नाही’ ही खूण) तसाच पुढे जाऊन भलतीकडे फुटायला नको.

अट बाहेर आली तरी मेहनत तीच. स्ट्रीमही आतून एकेक खेप तपासतो. रोज हजारदा गावावरूनच शोध होत असेल तर गावाला किल्ली करून हॅशमॅप, म्हणजे किल्लीवरून थेट जागा काढणारा तक्ता, बांधलेला बरा. ती युक्ती ऑब्जेक्टपेक्षा जुनी: आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी हॅशिंगची कल्पना १९५३ मध्येच मांडली होती.

उशिराची हद्द २०२० च्या सी प्लस प्लस २० मध्ये दिसते. तिथे फाइंडला ‘गाव’ हा गुणधर्म आणि ‘काटोल’ ही किंमत नुसती सांगितली की झालं. कॉमन लिस्प या भाषेच्या फाइंडमध्ये ‘की’ देऊन हेच १९८४ पासून करता येत होतं.