फौजीला परदेशी भाषा शिकायची असेल तर अर्ज कोण करतं, कागद कोणते लागतात

"मॅडम, मुलगा वीस तारखेला सुट्टीवर येतोय. महिनाभरात चिनी बोलायला लागेल का?"

मी ठाण्यात, नौपाड्यात फ्रेंच शिकवते. चिनीशी माझा संबंध नाही. तरी असे फोन वर्षाला चार-पाच येतातच. कधी मुरबाडहून, कधी शहापूरहून, एकदा कोपरखैरण्याहून. सगळ्यांची समजूत एकच असते, की बाहेर परीक्षा देऊन सर्टिफिकेट आणलं की युनिट मुलाला दुभाषा करून टाकतं. तसं होत नाही. फौजेतल्या भाषेच्या कोर्सला जवान स्वतः फॉर्म भरून जात नाही, युनिट त्याला पाठवतं. मात्र युनिटने आपलं नाव पाठवावं यासाठी काय तयारी ठेवायची, हे त्याच्या हातात असतं.

आधी एक गोंधळ मिटवते. इंटरनेटवर 'सैनिकांची भाषा परीक्षा' शोधलं की डीएलपीटी नावाची परीक्षा समोर येते. ती अमेरिकेच्या सैन्याची आहे. त्यांची भाषाशाळा कॅलिफोर्नियात माँटेरेला आहे. स्पॅनिशसारखी भाषा तिथे ३६ आठवड्यांत शिकवतात, चिनी आणि अरबीला ६४ आठवडे देतात. आपल्या मुलांचा त्या परीक्षेशी काही संबंध नाही. पण ६४ हा आकडा लक्षात ठेवा. पूर्णवेळ, रोज तेवढंच काम करून सव्वा वर्ष लागतं. महिन्याच्या सुट्टीत काय होईल, याचं उत्तर त्यातच आलं.

आपल्याकडची मुख्य संस्था म्हणजे दिल्लीचं स्कूल ऑफ फॉरेन लँग्वेजेस. ती संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत असून १९४८ पासून भाषा शिकवते. चिनी, अरबी, फ्रेंच, रशियन तर तिथे आहेतच, शिवाय तिबेटी, बर्मी, सिंहली, फारसी, पश्तो अशा बाहेरच्या क्लासमध्ये सहसा न मिळणाऱ्या भाषाही आहेत. पायऱ्या तीन आहेत. आधी सर्टिफिकेट ऑफ प्रोफिशियन्सी, मग अ‍ॅडव्हान्स्ड डिप्लोमा, आणि सर्वांत वर इंटरप्रिटरशिप. ही तिसरी पायरी दुभाष्याची, आणि तो कोर्स पूर्णवेळ असतो. मध्य प्रदेशात पचमढीला आर्मी एज्युकेशन कोअरचं प्रशिक्षण केंद्र आहे, तिथेही परदेशी भाषा शिकवतात.

या भाषा लागतात कुठे, असं पालक विचारतात. चीनच्या सीमेवर चुशूल, दौलत बेग ओल्डी, नथू ला, बुम ला आणि किबिथू इथे दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांच्या बैठका होतात. तिथे एकेका शब्दाला किंमत असते. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आपले जवान काँगोत गेले, तिथे सरकारी भाषा फ्रेंच. लेबनॉनमध्ये अरबी. म्हणजे भाषेची गरज खरी आहे, पण ती कुठे आणि किती हे सैन्य ठरवतं. म्हणूनच जागा मोजक्या असतात.

प्रक्रिया साधारण अशी चालते. कोर्सच्या जागा निघाल्या की वरून युनिटला पत्र येतं. इच्छुकांनी ऑफिसात नाव द्यायचं, मग कमांडिंग ऑफिसरची शिफारस लागते आणि नाव पुढे वरच्या मुख्यालयाकडे जातं. शिक्षण किती, आधीचे कोर्स कोणते, नोकरी किती उरली, हे बघितलं जातं. शेवटचा मुद्दा मुलांना टोचतो, पण त्यात अन्याय नाही. ज्याला एवढा काळ भाषा शिकवायची, त्याच्याकडून नंतर काम करून घ्यायला वर्षं हवीत. शिवाय तो कोर्सला गेला की त्याच्या वाटची ड्यूटी दुसऱ्याच्या गळ्यात पडते. त्यामुळे सीओ साहेबांकडे जाताना 'मला आवड आहे' एवढंच सांगून भागत नाही, हातात काहीतरी दाखवायला हवं.

ते 'काहीतरी' म्हणजे बाहेरचं प्रमाणपत्र. इथे थोडं पारखून घ्या. जपानीची जेएलपीटी आणि चिनीची एचएसके या परीक्षा नावाजलेल्या आहेत, पण जेएलपीटीत बोलण्याची परीक्षाच नाही, आणि चिनीत बोलण्यासाठी एचएसकेके ही वेगळी परीक्षा द्यावी लागते. दुभाष्याला तर बोलायचंच असतं. फ्रेंचच्या डेल्फमध्ये ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या चारींना २५-२५ गुण असतात. एकूण ५० मिळवायचे आणि प्रत्येकात किमान ५ हवेत. ते प्रमाणपत्र कायमचं चालतं. ठाण्याच्या मुलांना या परीक्षेसाठी न्यू मरीन लाइन्सला अलियॉन्स फ्रॉन्सेजला जावं लागतं.

प्रमाणपत्र मिळालं की ते ट्रंकेत ठेवू नका. युनिटच्या हेड क्लर्कला दाखवा आणि त्याची नोंद पार्ट टू ऑर्डरने, म्हणजे जवानाच्या रेकॉर्डमध्ये बदल नोंदवणाऱ्या युनिटच्या आदेशाने, होते का ते विचारा. रेकॉर्डला नसलेलं शिक्षण निवडीच्या वेळी नसल्यासारखंच.

आता कागदपत्रं. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. गेल्या वर्षी एक मुलगा अ‍ॅडमिशनला आला. ओळखपत्र मागितलं तर त्याने फौजेचं आय-कार्ड काढून दिलं. आमच्या ऑफिसातली मुलगी ते घेऊन झेरॉक्सला निघाली, तसा तो खुर्चीतून उठलाच. "ताई, ते इकडे द्या." आम्हाला तोवर माहीत नव्हतं की सैन्याच्या ओळखपत्राची झेरॉक्स काढणं ऑफिशियल सिक्रेट्स अ‍ॅक्टखाली गुन्हा ठरू शकतो. तेव्हा क्लास असो की परीक्षा केंद्र, आधार किंवा पासपोर्ट द्या. आय-कार्डचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवू नका. अर्जावरचा फोटो साध्या कपड्यातला हवा, वर्दीतला नको.

काही केंद्रं पासपोर्टच मागतात. ठाण्याचं पासपोर्ट ऑफिस वागळे इस्टेटला आहे. सरकारी नोकरीत असलेल्याला अर्जाबरोबर एक पत्र जोडावं लागतं. अ‍ॅनेक्शर जी म्हणजे कार्यालयाचं ना-हरकत प्रमाणपत्र, अ‍ॅनेक्शर एच म्हणजे आपण पासपोर्ट काढतोय हे कार्यालयाला आधी कळवल्याचं पूर्वसूचनेचं पत्र. यातलं कोणतं चालेल ते युनिटला विचारा आणि सुट्टीवर निघण्याआधीच हातात घ्या. घरी आल्यावर आठवलं तर ते पत्र मागवण्यातच सुट्टी संपते.

नावाचंही बघा. आपल्या दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. फौजेच्या रेकॉर्डला बहुधा तेच उतरतं. पासपोर्टवर मात्र आडनावाचा रकाना वेगळा. भाषेच्या परीक्षेचा फॉर्म पासपोर्टसारखा असतो, आणि जे भराल तेच प्रमाणपत्रावर छापून येतं. एका मुलाने वडिलांचं नाव आडनावाच्या रकान्यात टाकलं, तर प्रमाणपत्रावर तो वडिलांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. फॉर्म भरताना पासपोर्ट समोर उघडा ठेवा.

परवानगीचा मुद्दा मी शेवटी घेतेय, पण तो सगळ्याच्या आधीचा. परदेशी संस्थेत नाव घालण्याआधी, परदेशी शिक्षकाकडे ऑनलाइन क्लास लावण्याआधी, युनिटला कळवून लेखी परवानगी घ्या. चिनी शिकणारे सर्रास वीचॅट या चिनी चॅट अ‍ॅपवर गप्पांचा सराव करायचे. जून २०२० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली, आणि जुलैत सैन्याने ८९ अ‍ॅप्स काढून टाकायला सांगितली. त्यांत फेसबुक आणि इन्स्टाग्रामही होतं. सराव करायचा तर भारतीय शिक्षकाबरोबर करा.

मूल अजून शाळेत असेल तर रस्ता सोपा आहे. खडकवासल्याच्या एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, कॅडेटना परदेशी भाषा अभ्यासक्रमातच असते. त्यासाठी वेगळा अर्ज नाही, यूपीएससीची एनडीए परीक्षा द्यायची. २०२२ पासून मुलीही तिथे आहेत.

आणि सुट्टीचं गणित. जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक रजा आणि ३० दिवस कॅज्युअल मिळते, अग्निवीराला मात्र सगळे मिळून ३०. जेएलपीटी जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते आणि ती तारीख कोणासाठी हलत नाही. त्या फोनवाल्या काकूंना मी तेच सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग वीस तारखेला येऊन काय करील?" म्हटलं, सोमवार-बुधवार-शुक्रवार संध्याकाळी सात ते साडेआठ फ्रेंचची बॅच आहे, येऊन बसू दे.