‘नवी पोरं ऐकत नाहीत’ हा गैरसमज

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातल्या मशीन शॉपमध्ये वर्षानुवर्षं हे ऐकू येतं. खरं तर बऱ्याचदा पोरगं अगदी सांगितलं तसंच करतं आणि तिथेच माप चुकतं. अनेक साध्या लेथवर (धातू फिरवून कापायचं यंत्र) क्रॉस स्लाइडची, म्हणजे हत्यार आत-बाहेर सरकवणाऱ्या भागाची, डायल त्रिज्या दाखवते (काहींवर व्यास, आधी तपासा), ०.०२ मिमी कट दिला की व्यास ०.०४ ने उतरतो. सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या लेथवर) एक्सचा वेअर ऑफसेट, म्हणजे हत्यार झिजल्यावर भरायची मापाची दुरुस्ती, सहसा व्यासावर चालतो. साध्या लेथवर हात बसलेले काका म्हणाले, “०.०२ घे”, पोराने उणे ०.०२ भरलं. २५.०४ मिमी व्यासाचा जॉब (घडवायचा तुकडा) २५.०० व्हायचा तो २५.०२ वरच राहिला. यात हयगय कुणाचीच नाही. पाळी बदलताना मोजलेला व्यास आणि हवा असलेला व्यास, दोन्ही फळ्यावर लिहा. वजाबाकी ऑफसेट भरणाऱ्यानेच करावी.