कायनेज-चाचणी: नमुना पाठविण्यापूर्वी वाचावे असे काही

आमच्या बडोद्यातील प्रयोगशाळेत येणारे बरेच संशोधक पेशींत एखादे कायनेज किती आहे असे विचारतात, पण त्यांच्या प्रकल्पाला बहुधा ते किती काम करीत आहे हे हवे असते. कायनेज हे विकर एटीपी या पेशीतील ऊर्जावाहक रेणूवरील फॉस्फेट उचलून दुसऱ्या प्रथिनातील सेरीन, थ्रिओनीन किंवा टायरोसीनवर बसविते आणि त्यातून पेशीतील संदेश पुढे सरकतो. विकर भरपूर असूनही निष्क्रिय असू शकते, तर थोडे असूनही अखंड चालू राहू शकते. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात बीसीआर-एबीएल हे कायनेज असेच न थांबता चालू राहते. २००१ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले इमॅटिनिब हे औषध त्याचेच काम रोखते.

चाचणीत आम्ही विकर, पेप्टाइड (फॉस्फेट स्वीकारणारा प्रथिनाचा छोटा तुकडा) आणि एटीपी एकत्र करून ठरावीक वेळाने तयार झालेले एडीपी, म्हणजे एक फॉस्फेट गेल्यावर एटीपीचे जे उरते ते, मोजतो. त्यासाठी उरलेले एटीपी आधी नष्ट करतात, मग एडीपीचे पुन्हा एटीपी करून ल्युसिफरेजने, म्हणजे काजव्याला उजेड देणाऱ्या विकराने, प्रकाश निर्माण करतात. मात्र पेशींच्या अर्कात एटीपी फोडणारी इतरही विकरे असल्यामुळे त्यात थेट मोजलेले एडीपी फसवे ठरते. म्हणून हवे ते कायनेज आम्ही प्रथम त्यालाच चिकटणाऱ्या प्रतिपिंडाने वेगळे काढतो आणि पेप्टाइडविना एक तुलना-चाचणीही लावतो. औषधाची रोधक्षमता एटीपीच्या प्रमाणानुसार बदलू शकते, त्यामुळे ते प्रमाण अहवालात नेहमी लिहिलेले असते.

सर्वांत नाजूक भाग नमुना पाठविणाऱ्या आपल्या हाती आहे. पेशी फोडल्या की फॉस्फेट काढून टाकणारी फॉस्फटेज विकरे काही मिनिटांतच कायनेजवरील फॉस्फेटही काढू लागतात आणि सक्रिय कायनेज आमच्यापर्यंत येईतो मंदावलेले असते. म्हणून पेशी बर्फावरच फोडाव्यात, द्रावणात फॉस्फटेज रोखणारे सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट आणि सोडियम फ्लोराइड आधीच मिसळलेले असावे आणि अर्क लहान भागांत विभागून द्रव नायट्रोजनमध्ये गोठवावा. एकदा वितळलेला नमुना पुन्हा गोठवू नये. वैशाखातल्या आपल्या उन्हात साधा बर्फ पुरत नाही. −७८ अंश सेल्सिअसच्या आसपास राहणारा कोरडा बर्फच (गोठलेला कार्बन डायऑक्साइड), वायू बाहेर पडू शकेल अशा थर्मोकोलच्या पेटीत, भरपूर घालावा आणि पेशी फोडल्यापासून गोठवेपर्यंत किती मिनिटे गेली हे प्रत्येक नळीच्या चिठ्ठीवर लिहावे.