ईआरपी आहे म्हणजे कंपनी एआयला तयार?

‘ईआरपीत दहा वर्षांचा डेटा आहे, एआय बसवलं की मागणीचा अंदाज आपोआप बरोबर येईल’, असं उद्योजकांच्या ग्रुपवर फिरत असतं. (ईआरपी म्हणजे खरेदी, साठा, विक्री, हिशोब एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर.) समजूत स्वाभाविक आहे, कारण डेटा खरंच असतो. प्रश्न तो काय सांगतो याचा आहे.

एक बेअरिंग घ्या. स्टोअरच्या यादीत ते ‘६२०५ झेडझेड’, ‘६२०५-२झेड’ आणि ‘बेअरिंग २५ बोअर’ अशा तीन कोडांखाली पडलेलं असतं. वस्तू एकच, दोन्ही बाजूंना पत्र्याची शील्ड असलेली. पण एआयला तीन वेगळ्या वस्तू दिसतात, तिन्हींचा खप किरकोळ. त्याहून घातक म्हणजे माल संपलेला महिना. विक्री शून्य नोंदली जाते आणि मागणीच नव्हती असा अर्थ निघतो. गिऱ्हाईक मात्र परत गेलेलं असतं!

तपासायला सल्लागार लागत नाही. रॅकवरच्या कुठल्याही २० वस्तू हाताने मोजा, स्क्रीनवरच्या आकड्याशी ताडा. मग मागच्या १० पीओ (खरेदीच्या ऑर्डर) काढून कबूल केलेली तारीख आणि जीआरएनची (माल आल्याच्या नोंदीची) तारीख शेजारी मांडा. सिस्टीममध्ये सगळीकडे ‘लीड टाइम ७ दिवस’ (ऑर्डर दिल्यापासून माल येईपर्यंतचा वेळ) आणि माल येतोय अठराव्या दिवशी, असं दिसलं तर आधी ती नोंद दुरुस्त करायला घ्या.