दोन ग्रिझी बहिणी, आणि अदालजिसा नक्की कोणाची?

"बेलिनीच्या 'नोर्मा'मध्ये पहिली अदालजिसा जुदित्ता ग्रिझीने गायली" हे वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की शेवटी आज लिहायलाच बसले. नाही गायली हो जुदित्ताने! गायली ती जुलियाने, तिच्या धाकट्या बहिणीने. ('नोर्मा' हा इटालियन संगीतकार बेलिनीचा ऑपेरा; नोर्मा त्यातली मुख्य पुजारीण आणि अदालजिसा तिच्या हाताखालची तरुण पुजारीण.)

जुलिया ऑपेरा ऐकणाऱ्या बहुतेकांना माहीत असते, म्हणून पटकन सांगते. जन्म मिलानचा, १८११. पॅरिस आणि लंडन गाजवलं, बेलिनीच्याच 'पुरितानी' ऑपेराची (१८३५) पहिली एल्व्हिरा, 'डॉन पास्क्वाले'ची (१८४३) पहिली नोरिना, आयुष्याचा जोडीदार टेनर मारिओ, मृत्यू १८६९ मध्ये बर्लिनला. थोरली जुदित्ता १८०५ ची, आणि १८४० मध्ये पस्तिशी गाठायच्या आतच गेली बिचारी. नात्यातली तिसरी ग्रिझी म्हणजे कार्लोता, ती बॅलेवाली, 'जिझेल' नाचलेली. तिचा इथे काही संबंध नाही.

आता मुद्द्याचं. जुदित्ता मेझो होती (बायकांचा मधल्या पट्टीचा, गडद आवाज), जुलिया सोप्रानो (बायकांचा सर्वांत उंच आवाज). इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं आणि घोळ नेमका इथूनच सुरू होतो, कारण आज आपण अदालजिसा ऐकतो ती बहुतेक वेळा मेझोच्या आवाजात, मारिया कॅलस नोर्मा असलेल्या १९६० च्या रेकॉर्डिंगमध्ये मेझो क्रिस्टा लुडविग आहे तशी, मग लोक हिशोब मांडतात की भूमिका मेझोची, घरात मेझो जुदित्ता, म्हणजे तीच असणार. पण बेलिनीने ती सोप्रानोसाठीच लिहिली होती! पहिला प्रयोग २६ डिसेंबर १८३१, मिलानचं ऑपेरागृह ला स्काला, जुलिया जेमतेम वीस वर्षांची. आणि त्या रात्रीची नोर्मा होती जुदित्ता पास्ता, म्हणजे स्टेजवर एक जुदित्ता होती आणि एक ग्रिझीही होती, दोघींची मिळून "जुदित्ता ग्रिझी" तयार व्हायला कितीसा वेळ लागतो.

जुदित्ता ग्रिझीची बेलिनीची भूमिका वेगळीच आहे: रोमिओ-जुलिएटच्या कथेवरच्या 'कापुलेती' ऑपेरामधला रोमिओ, व्हेनिसचं ऑपेरागृह ला फेनिचे, मार्च १८३०. हो, रोमिओच, पुरुषाच्या वेशात बाईचा आवाज. आणि प्लीज, त्या रात्रीची जुलिएट जुलिया नव्हती, ती होती रोझालबिना काराडोरी-अलान. जुलिया आणि जुलिएट, नावं जुळतात म्हणून माणसंही जुळवून टाकायची नसतात.

हे सगळं फक्त नावापुरतं असतं तर मी गप्प बसले असते. 'नोर्मा'च्या पहिल्या अंकातलं नोर्मा आणि अदालजिसाचं ड्युएट (युगलगीत) नीट ऐका. कोवळी अदालजिसा घाबरत घाबरत आपल्या प्रेमाची कबुली देते आणि नोर्माला स्वतःचे जुने दिवस आठवतात. पुढे नोर्मा तिला धीर देत गाते आणि तीच चाल अदालजिसा पुन्हा घेते, त्याच पट्टीत, मूळ स्वरलिपीत तोच टिपेचा सी (फार उंच स्वर) तिलाही आहे. दुसऱ्या अंकातल्या 'मीरा, ओ नोर्मा'मध्ये पुन्हा तेच, फक्त सुरुवात अदालजिसाची, मग नोर्मा, आणि शेवटी दोघींचे आवाज एकमेकांना बिलगून चालतात. दोन मुलांची आई असलेली नोर्मा आणि तिच्यापेक्षा लहान असलेली ही मुलगी, आणि आपण लहान मुलीलाच जड, गडद आवाज देतो! मला नाही पटत. लुडविग मला मनापासून आवडते, पण वय चुकतं ते चुकतंच.

खरी गंमत कळायची असेल तर जोन सदरलँड नोर्मा असलेलं १९८४ चं रेकॉर्डिंग लावा, त्यात अदालजिसा मोन्सेरात काबाय्ये आहे, सोप्रानो. किंवा चेचिलिया बार्तोलीचं २०१३ चं, तिथे ही मेझो स्वतः नोर्मा झालीय आणि अदालजिसा आहे सुमी जो, हलका, चमकदार आवाज, ऐकताच वाटतं की ही खरंच विशीतली पोरगी आहे. जुलियाने तर पुढे नोर्माही गायली, लंडनमध्ये १८३५ ला, आणि ती तिची हक्काची भूमिका झाली. अदालजिसा गाणाऱ्या गळ्यातच नोर्मा होती, याहून वेगळा पुरावा मला तरी नको.

आणि एक विनंती, नुसतं "जी. ग्रिझी" लिहू नका. दोघींचंही आद्याक्षर तेच आहे.