सिझरच्या टेबलावर डोक्याशी बसणारा माणूस

"गायनॅकचे डॉक्टर आहेत, पण भूलतज्ज्ञ नाहीत, पेशंट जिल्ह्याला न्या." तालुक्याच्या दवाखान्यात कळा सुरू असलेल्या बाईच्या घरच्यांनी हे वाक्य वर्षानुवर्षं ऐकलंय, आणि हे काही आजचं दुखणं नाही.

बाळंतपणात भूल द्यायला सुरुवात झाली 1847 मध्ये, एडिनबर्गला सिम्प्सन यांनी आधी ईथर आणि मग क्लोरोफॉर्म वापरलं. 1853 मध्ये जॉन स्नो यांनी राणी व्हिक्टोरियाला रुमालावर क्लोरोफॉर्म दिलं. त्यानंतर लोकांची भीती बरीच कमी झाली, पण औषध जितकं पसरलं तितकी ते देणारी शिकलेली माणसं वाढली नाहीत.

त्याची किंमत आयांनी मोजली. 1946 मध्ये न्यूयॉर्कच्या मेंडेल्सन यांनी 44,016 गरोदर बायकांच्या नोंदी तपासल्या, त्यात 66 जणींच्या बाबतीत भूल दिलेली असताना पोटातलं फुफ्फुसात गेलेलं दिसलं. कळांमध्ये अन्न पोटात जास्त वेळ राहतं, शिवाय गर्भाशयाचा दाब असतो, म्हणून हे होतं. आजही सिझरच्या आधी उपाशी ठेवतात आणि घरचे चिडतात, त्याचं मूळ इथे आहे.

पाठीतल्या इंजेक्शनाची, म्हणजे स्पायनलची पद्धत जर्मन सर्जन ऑगस्ट बियर यांनी 1898 मध्ये आणली आणि आता बहुतेक सिझर त्यावरच होतात. पण "एक इंजेक्शन तर द्यायचंय" असं म्हणणाऱ्यांनी एकदा पुढची दहा मिनिटं बघावीत. औषध गेलं की बाईला लगेच आडवं करतात, उजव्या कुल्ल्याखाली उशी सरकवतात म्हणजे मोठ्या शिरेवर पोटाचा भार येत नाही, बधिरपणा कुठपर्यंत चढलाय ते कळायला भूलवाले डॉक्टर स्पिरिटचा बोळा पोटावरून वर वर नेत विचारतात "थंड लागतंय का?", दर एक-दोन मिनिटाला बीपीचा पट्टा फुगतो, आणि ती "मळमळतंय" म्हणाली की आधी बीपीकडे बघतात कारण ते पटकन कोसळतं. त्या वेळी तोंडातली उलटी ओढून घ्यायचं सक्शन, ऑक्सिजन, श्वासनलिकेत नळी घालायचं सामान आणि बीपी वाढवायचं औषध हाताशी लागतं, आणि ते वापरणारा माणूस सर्जनपेक्षा वेगळा लागतो, सर्जनचे हात तर पोटात असतात.

आपल्याकडे 1992 च्या सुरक्षित मातृत्व कार्यक्रमात फर्स्ट रेफरल युनिट ठरली, म्हणजे असे दवाखाने जिथे सिझर आणि रक्त दोन्ही मिळायला हवं. सामानाची किट्स आली, पण भूलतज्ज्ञ नसल्याने बऱ्याच ठिकाणी ती तशीच पडून राहिली. एमडी झालेले भूलतज्ज्ञ शहरात, तालुक्याला पद रिकामं. मग सरकारने एमबीबीएस डॉक्टरांना 18 आठवड्यांचं भूलशास्त्राचं ट्रेनिंग द्यायला सुरुवात केली, खासगी भूलतज्ज्ञांना केसप्रमाणे पैसे देऊन बोलवायची सोयही झाली. मला हे ट्रेनिंग मनापासून योग्य वाटतं, नुसती वाट बघण्यापेक्षा कितीतरी बरं.

देशात लाख जिवंत जन्मांमागे माता मृत्यू 2001-03 मध्ये 301 होते, 2018-20 मध्ये 97 झाले, महाराष्ट्रात 33. हे एकट्या भुलेमुळे नाही, दवाखान्यातली बाळंतपणं वाढली, रक्त मिळायला लागलं, अ‍ॅम्ब्युलन्स आल्या. पण ट्रेनिंग घेतलेल्या डॉक्टरची बदली ऑपरेशन थिएटरच नसलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात झाली, असंही घडलंय, आणि मग त्या तालुक्यातली गाडी पुन्हा जिल्ह्याच्या रस्त्याला लागते, मागच्या सीटवर कळा देणारी बाई आणि तिचा हात धरून बसलेली सासू.