दानीएलाचे दहा दिवस आणि घरातली पुढची वर्षे

बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकाचा पहिलाच अध्याय म्हणजे आहाराच्या एका प्रयोगाची हकिकत आहे. बंदी करून बाबेलला (बॅबिलोनला) नेलेले चार तरुण राजाच्या पंक्तीचे अन्न आणि द्राक्षारस नाकारतात. अधिकारी हबकतो. ही मुले खंगली तर राजा आपले मुंडके उडवील, अशी त्याला धास्ती. दानीएल तोडगा काढतो: दहा दिवस आम्हाला शाकान्न आणि पाणी द्या, मग राजाचे अन्न खाणाऱ्या मुलांशेजारी उभे करा आणि काय ते तुम्हीच ठरवा. इथे जो हिब्रू शब्द आहे त्याचा मूळ अर्थ ‘पेरलेल्यापासून आलेले’, म्हणजे भाजीपाल्याबरोबर धान्य आणि कडधान्येही त्यात आली. दहा दिवसांनी ते चौघे इतरांपेक्षा तजेलदार आणि अंगाने भरलेले दिसले. आज ‘दानीएलाचा उपवास’ करणारे बरेच जण वजन उतरवायला निघालेले असतात, आणि मूळ गोष्टीत ते चौघे चक्क बाळसे धरतात!

प्रयोग म्हणून यात त्रुटी पुष्कळ. माणसे चारच, तीही स्वखुशीने प्रयोगात उतरलेली, आणि निकाल नुसत्या नजरेने लावलेला. पण तुलनेला दुसरा गट हवा, ही अक्कल त्यात आहे, आणि ती नेहमीच सुचते असे नाही. अमेरिकेतल्या मेम्फिस विद्यापीठात २०१० साली ४३ जणांकडून २१ दिवस असा उपवास करवून घेतला गेला (हे तीन आठवडे त्याच पुस्तकाच्या दहाव्या अध्यायातून आले). मांस, दूध, अंडी, साखर, मैदा, चहा-कॉफी, दारू सगळे बंद. पोटाला हवे तेवढे खायला मात्र मुभा. एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो, ते सरासरी ९८ वरून ७६ वर आले. चांगले समजले जाणारे एचडीएलही थोडे उतरले. पण उपवास न करणारा तुलनेचा गट इथे नव्हता. त्या बाबतीत दानीएल पुढे होता म्हणायचा.

तरीही तीन आठवड्यांत रक्ताचे आकडे हलतात, हे आता पक्के आहे. २०२३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाने एकसारख्या जुळ्या भावंडांच्या २२ जोड्या घेतल्या आणि प्रत्येक जोडीतल्या एकाला आठ आठवडे व्हीगन, म्हणजे मांस, मासे, अंडी, दूध आणि मधही नसलेला आहार दिला. दुसऱ्याला मांसासह, पण तसाच नेटका आहार दिला. अशा जुळ्यांची जनुके एकच, त्यामुळे ‘आमच्या घराण्यातच कोलेस्टेरॉल आहे’ हा बचाव बाद झाला. व्हीगन भावंडांचे एलडीएल दुसऱ्यांपेक्षा सुमारे १४ अंकांनी जास्त खाली आले.

हे होते कसे? रक्तातले एलडीएलचे कण यकृत आपल्या पेशींवरच्या ग्राहींनी पकडून आत ओढते. लोणी, चीज, चरबीदार मांस यांतली संपृक्त चरबी जास्त झाली की या ग्राहींची संख्या रोडावते आणि कण रक्तात फिरत राहतात. ती चरबी कमी केली की ग्राही पुन्हा वाढतात. दुसऱ्या बाजूने ओट, डाळी, फळे यांतला विरघळणारा चोथा आतड्यात पित्ताम्ले धरून ठेवतो आणि शरीराबाहेर नेतो. नवे पित्त बनवायला यकृताला कोलेस्टेरॉल लागते, ते ते रक्तातून उचलते.

मात्र रक्ताचा आकडा सुधारणे आणि माणूस जास्त जगणे यांत अंतर आहे. त्यासाठी हजारो माणसांवर वर्षानुवर्षे नजर ठेवावी लागते, आणि तिथे एक जुनी अडचण उभी राहते. शाकाहार निवडणारा माणूस बहुधा सिगारेटही ओढत नाही, दारू कमी पितो, चालायला जातो. मग श्रेय द्यायचे कोणाला, भाजीला की चालण्याला?

इथेच ख्रिस्ती इतिहासातल्या एका छोट्या पंथाने विज्ञानाची मोठी सोय करून ठेवली, तीही नकळत. सेवंथ-डे ॲडव्हेंटिस्ट हा पंथ १८६३ साली अमेरिकेतल्या बॅटल क्रीक गावी रीतसर स्थापन झाला. त्याच वर्षी संस्थापकांपैकी एलन व्हाइट यांनी आरोग्याविषयी आपल्याला दर्शन झाल्याचे सांगितले, आणि तंबाखू, दारू यांपासून दूर राहणे हा तिथे श्रद्धेचाच भाग झाला; मांस टाळण्याचाही आग्रह धरला गेला. १८७६ मध्ये जॉन हार्वे केलॉग नावाचा तरुण डॉक्टर त्यांच्या आरोग्यधामाचा प्रमुख झाला. न्याहारीच्या वाडग्यातले कुरकुरीत फ्लेक्स तिथूनच जगभर गेले. (केलॉगची इतर काही मते आज वाचवत नाहीत, पण तो वेगळा विषय.) या पंथाचे बहुतेक लोक धूम्रपान आणि मद्यपान करत नाहीत, आठवड्याचा एक दिवस विश्रांतीला देतात, मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एकमेकांना धरून राहतात. ताटात मात्र फरक आहे. जवळपास निम्मे मांस खातात, कोणी फक्त दूध-अंडी, कोणी मासे, आणि सुमारे आठ टक्के पूर्ण व्हीगन. बाकी जगणे सारखे आणि ताट वेगळे, अशी एवढी माणसे संशोधकाला दुसरीकडे कुठे मिळायची?

कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठाने ती संधी सोडली नाही. १९५८ पासून तिथे या लोकांचे अभ्यास चालू आहेत, आणि २००२ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात अमेरिका आणि कॅनडातले सुमारे ९६ हजार जण आहेत. आधीच्या फेरीतून २००१ साली निघालेला निष्कर्ष गाजला: कॅलिफोर्नियातले ॲडव्हेंटिस्ट पुरुष तिथल्या इतर गोऱ्या पुरुषांपेक्षा सरासरी ७.३ वर्षे आणि बायका ४.४ वर्षे जास्त जगत होत्या. पण हा फरक सगळ्या राहणीचा आहे, एकट्या आहाराचा नाही. आहाराचा वाटा पाहायचा तर पंथातल्या पंथात तुलना हवी. ती केली तेव्हा टाइप २ मधुमेह मांसाहारी गटात ७.६ टक्के आणि व्हीगन गटात २.९ टक्के लोकांना होता. वजनाचा निर्देशांक, बीएमआय, पहिल्यात २८.८ आणि दुसऱ्यात २३.६.

मृत्यूचे आकडे इतके झळझळीत नाहीत, आणि व्हीगन प्रचारक ते सांगताना जरा घाई करतात असे मला वाटते. २०१३ मध्ये ७३ हजार जणांच्या सुमारे सहा वर्षांच्या नोंदी तपासल्या. सगळे शाकाहारी प्रकार एकत्र धरले तर मृत्यूचा धोका १२ टक्के कमी निघाला. फक्त व्हीगन घेतले तर १५ टक्के, पण तो निव्वळ योगायोग असण्याची शक्यता पूर्णपणे फेटाळता आली नाही. सगळ्यात सरस ठरले ते मासे खाणारे, १९ टक्के. आणि मला स्वतःला सगळ्यात आवडणारा निष्कर्ष १९९२ चा: आठवड्यातून चारपेक्षा जास्त वेळा अक्रोड-बदामासारखे सुके दाणे खाणाऱ्यांत हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण, ते क्वचित खाणाऱ्यांच्या जवळपास निम्मे होते. संशोधकांना तोवर दाण्यांतली चरबी खुपत होती.

आता दानीएलाच्या गोष्टीत जे दिसूच शकत नाही त्याकडे येऊ. दहा दिवसांत ज्याची उणीव भासत नाही आणि दहा वर्षांत जी माणसाला पांगळे करू शकते, अशी एक गोष्ट व्हीगन ताटात नाही: व्हिटॅमिन बी-१२. हे जीवनसत्त्व वनस्पती बनवत नाहीत, प्राणीही बनवत नाहीत. ते फक्त जिवाणू आणि त्यांच्या काही सूक्ष्म भाऊबंदांना जमते. गाईला ते पोटातल्या जिवाणूंकडून मिळते, आपल्याला गाईकडून. आपल्याही मोठ्या आतड्यात ते तयार होते, पण शोषणाची जागा त्याच्या आधी, लहान आतड्याच्या शेवटी. माल पोचतो तो दुकान मागे पडल्यावर! १९४८ मध्ये ते शुद्ध स्वरूपात वेगळे झाले आणि डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांनी त्याची गुंतागुंतीची रचना उलगडली. त्यांच्या १९६४ च्या नोबेलमागे हेही काम आहे. म्हणजे त्याआधी सोवळ्या निष्ठेने वनस्पती आहार पाळणाऱ्यांना ही उणीव भरून काढण्याचा मार्गच ठाऊक नव्हता.

प्रौढाला दिवसाला लागते किती? २.४ मायक्रोग्रॅम, मिठाच्या कणाहूनही कमी. यकृतात त्याचा काही वर्षे पुरेल एवढा साठा असतो, आणि घात तिथेच होतो. पहिले वर्ष मजेत जाते, दुसरे जाते, माणसाला वाटते आपल्याला गोळीची गरज नाही. मग थकवा, हातापायांना मुंग्या, तोल जाणे, विसरभोळेपणा. हिरव्या भाज्यांतले फोलेट हे जीवनसत्त्व भरपूर मिळत असेल तर बी-१२ अभावी होणारा रक्तक्षय झाकला जातो आणि मज्जातंतूंची हानी गुपचूप चालू राहते. स्पिरुलिना किंवा समुद्री शेवाळांवर भिस्त ठेवू नये. त्यांत बऱ्याचदा बी-१२ चे सोंग घेतलेला, शरीराला निरुपयोगी असा पदार्थ असतो. आता गोळीवर १००० मायक्रोग्रॅम का लिहिलेले असते? जठरातले एक प्रथिन बी-१२ ला धरून शोषणाच्या जागी नेते, आणि एका वेळी त्याची क्षमता जेमतेम दोन मायक्रोग्रॅमची. बाकीच्यातले एक टक्का आपसूक झिरपते. म्हणून रोज थोडे घ्या, किंवा मोठी गोळी आठवड्यातून एकदोनदा घ्या; दोन्ही मार्ग चालतात.

स्तनपान देणाऱ्या व्हीगन आईने हे टाळले तर दुधातही बी-१२ पुरेसे उतरत नाही, आणि बाळाजवळ पुरेसा जुना साठा नसतो. काही महिन्यांत ते मलूल होते, मान धरेनासे होते, बसायला शिकलेले पुन्हा विसरते. हे सगळे एका स्वस्त गोळीने टळते. इथे श्रद्धेने किंवा ‘निसर्ग बघून घेईल’ या भरवशाने काम भागत नाही.

मुलांच्या बाबतीत एकूणच पाऊल जपून टाकावे. २०२१ मध्ये पोलंडमधल्या ५ ते १० वर्षांच्या १८७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. व्हीगन मुलांचे एलडीएल मांसाहारी मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के कमी होते, हे छान. पण ती सरासरी सुमारे ३ सेंटीमीटर बुटकी होती आणि हाडांत खनिजेही कमी होती. लहान पोट चोथ्याने लवकर भरते आणि ऊर्जा अपुरी राहते. म्हणून मुलांच्या ताटात दाण्यांचे वाटण, तीळ, तेल, सोयाबीन सढळ हाताने हवे, आणि उंची-वजनाची नोंद डॉक्टरांकडे नेमाने व्हायला हवी. हाडांचा प्रश्न मोठ्यांनाही आहे: ॲडव्हेंटिस्टांमधल्याच व्हीगन बायकांत खुब्याचे हाड मोडण्याचा धोका ५५ टक्के जास्त आढळला, पण कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी या दोन्हींच्या गोळ्या घेणाऱ्यांत हा फरक उरला नाही. पालकात कॅल्शियम भरपूर, पण त्यातलेच ऑक्झलेट नावाचे रसायन ते इतके घट्ट धरून ठेवते की हाती जेमतेम पाच टक्के लागते. कोबीच्या कुळातल्या हिरव्या पानांतून मात्र दुधाहूनही चांगले शोषले जाते. लोहाचे उलटे: डाळीवर लिंबू पिळले की शोषण वाढते, जेवणाबरोबर चहा घेतला की घटते. प्रथिनांची चिंता मात्र लोक उगाच करतात. प्रथिनांच्या घटकांपैकी धान्यात लायसिन कमी, कडधान्यात मेथिओनिन कमी. दिवसभरात दोन्ही पोटात गेले की हिशेब जुळतो.

ज्यांना एकदम सगळे सोडणे झेपत नाही त्यांच्यासाठी जुन्या मंडळीतच एक मधला मार्ग आहे. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेत बुधवार-शुक्रवार, ईस्टरपूर्वीचा मोठा उपवास, नाताळापूर्वीचा उपवास असे धरून वर्षातले १८० ते २०० दिवस मांस, दूध आणि अंडी वर्ज्य असतात. क्रीट बेटावरच्या १२० जणांना संशोधकांच्या एका गटाने वर्षभर तपासले. उपवासाच्या काळात उपवास करणाऱ्यांचे एलडीएल चांगलेच खाली येई, आणि उपवास सरला की पुन्हा वर चढे. यकृताच्या ग्राहींना दिनदर्शिका कळत नाही, ताटात काय आले एवढेच कळते. पण अधूनमधून दूध-अंडी पोटात जात असल्याने बी-१२ चा साठा मात्र भरत राहतो.

आणि घरातल्या जेवणाच्या टेबलाचे काय? बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात माणसाला बी देणाऱ्या वनस्पती आणि फळे अन्न म्हणून दिली आहेत, नवव्या अध्यायात, जलप्रलयानंतर, प्राणीही. त्यामुळे बायबल उघडून भांडायचे ठरवले तर दोघांनाही वचने सापडतात. १८०९ साली इंग्लंडमधल्या सॅल्फर्डला विल्यम काउहर्ड यांनी मांस वर्ज्य करणारी मंडळी स्थापली, तेव्हाही हा वाद झडला असणार. प्रेषित पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात हेच भांडण आहे: एक सगळे खातो, दुसरा फक्त भाजी. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये, असे तो सांगतो. घरात एकजण व्हीगन आणि बाकीचे नसतील, तर डाळ, भाजी, धान्य, दाणे सगळ्यांना सामाईक ठेवून वरचे ज्याचे त्याने वाढून घ्यावे. आणि बी-१२ ची बाटली कपाटात न लपवता मीठदाणीशेजारी ठेवावी. पन्नाशी ओलांडलेल्या मांसाहारी आजी-आजोबांचेही बी-१२ बऱ्याचदा अन्नातून नीट शोषले जात नाही, त्यांनाही तिचा उपयोग होतो.